मी रडलो नाही

१

सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर जी फाइल आली, तिच्यात सगळ्यात वर वहीतून फाडलेला एक कागद होता. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकांच्या खोलीत मी बावीस वर्षं टायपिंग करते. नवराबायको एकमेकांबद्दल काय काय लिहितात ते वाचताना आता माझा चहाचा घोटसुद्धा अडत नाही. त्या दिवशी मात्र अडला.

पेन्सिलीनं लिहिलं होतं:

'आई मला कपाटात कोंडते. आत काळोख आहे. मी शंभरपर्यंत मोजतो. मग परत एकपासून मोजतो. बाबा फिरतीवर आहेत. ते आल्यावर सांगायचं नाही. मी रडलो नाही.'

लिहिणारी आठ वर्षांची मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणतात. आईवडील वेगळे झाल्यापासून तीन महिने ती वडिलांच्या घरी राहत होती आणि शनिवार-रविवार आईकडे जात होती. खटला संपेपर्यंत तिनं कुठं राहायचं ते मंगळवारी अकरा वाजता ठरणार होतं. हा कागद वडिलांच्या वकिलांनी दाखल केला होता. त्यांची मागणी अशी, की आईकडचे शनिवार-रविवार आजपासून बंद करावेत आणि तिनं मुलीला आठवड्यातून एक तास, आमच्या खेळण्यांच्या खोलीत, कर्मचाऱ्यांसमोर भेटावं. अक्षर मुलीचंच हे दाखवायला शाळेची वहीही जोडली होती. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं, अक्षर तिचंच होतं.

त्याहून वाईट गोष्ट खाली होती. पत्राच्या प्रतीवर मुलीच्या आईनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'वाचलं, मान्य.' खाली सही.

मी तो कागद खडूबाईंच्या पुढ्यात ठेवला. खडूबाई म्हणजे आमच्या समुपदेशक. मुलं त्यांच्याशी बोलत नसली की त्या खिशातून खडू काढतात आणि स्वतः फरशीवर बसून चित्रं काढायला लागतात, म्हणून हे नाव. साडीला कायम पांढरी धूळ. जजबाईंनी त्यांना दुसऱ्या दिवशीपर्यंत अहवाल द्यायला सांगितला होता.

त्यांनी पत्र तीनदा वाचलं. मी म्हटलं, आता काय राहिलंय, बाईनं कबूलच केलंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हिला कुणीतरी कोंडतंय, हे खरं वाटतं मला," त्या म्हणाल्या. "पण उद्या आपण नाव चुकवलं, तर त्या कपाटाची कडी आपणच लावली असं होईल."

२

मुलीच्या आईला बोलवायला मी व्हरांड्यात गेले. सोमवारची गर्दी होती, बाकं भरलेली, वकील भिंतीला टेकून फोनवर. तेवढ्यात एका लहान मुलीनं "वहिनी!" अशी हाक मारली आणि एकदम चार बायका वळल्या. आमच्या व्हरांड्यात वहिनी म्हटलं की कुणीही वळतं, निम्म्या बायका कुणाच्या तरी वहिनी असतात आणि त्यातल्या निम्म्यांना ते नातं संपवायचं असतं. मी त्यांच्यातून वाट काढत पाण्याच्या पिंपापाशी गेले. आई तिथे उभी होती, तीही वळलेल्यांपैकीच एक.

ती गणवेश शिवायच्या कारखान्यात काम करते. बाहीला निळे दोरे चिकटलेले होते. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. खडूबाईंनी विचारलं, 'मान्य' का लिहिलं?

तिला प्रश्नच कळला नाही. नवऱ्याच्या वकिलांचा कारकून कागद घेऊन आला, म्हणाला प्रत मिळाली म्हणून सही हवी, 'वाचलं, मान्य' लिहा आणि सही करा. तिनं लिहिलं. वाचलं नव्हतं. कामावर अर्धी रजा होती, घाई होती.

माझं डोकं फिरलं. 'प्रत मिळाली' हे दोन शब्द लिहायचे असतात, बस. त्याच्या जागी या बाईनं सगळा आरोप अंगावर घेतला होता. मी तसं बोलूनही दाखवलं. खडूबाईंनी मला गप्प केलं आणि विचारलं, वकील का नाही केला?

"मला काय लपवायचंय, मॅडम? खरं बोलायला वकील कशाला लागतो? मी तिची आई आहे. शेवटी पोर आईलाच देतात."

खडूबाईंनी तिला शांतपणे समजावलं. आईला देतात किंवा बापाला देतात असं इथे काही नसतं. मुलीचं भलं कुठं आहे ते बघतात. शाळा कोण बघतं, आजारपणात कोण जागतं, कुणाकडे तिला निवांत झोप लागते. मुलीचं म्हणणं ऐकतात, पण तेही तोलून घेतात. दोघं नवराबायको समजुतीनं बसून ठरवत असतील तर वकिलावाचूनही निभतं. पण समोरच्यानं वकील केला असेल, कुणी मुलाला इजा केल्याचा आरोप केला असेल, किंवा सहीसाठी कागद पुढे आला असेल, तर एक दिवसही एकटीनं उभं राहायचं नाही. इथे तिन्ही गोष्टी झाल्या होत्या.

"वकील खरं बोलायला नसतो," त्या म्हणाल्या. "आपल्याला जे बोलायची भीती वाटते ते आधी त्याला सांगता यावं म्हणून असतो."

मग त्यांनी पत्र तिच्या हातात दिलं. तिनं ते वाचलं. मला वाटलं आता रडेल, ओरडेल, शपथा घेईल. तसं काहीच झालं नाही. पहिल्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"आई असं लिहिलंय तिनं," ती हळूच म्हणाली.

मग चेहरा पांढराफटक पडला. तिनं पत्र घडी करून परत ठेवलं. मी तिला कोंडलेलं नाही, एवढंच म्हणाली, आणि पुढच्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. काहीतरी दडवत होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं. खडूबाईंनी तिला तळमजल्यावरच्या मोफत कायदा मदत कक्षात पाठवलं. ती गेल्यावर मी म्हटलं, हिनंच केलंय.

३

भिंगरीला घेऊन तिची आजी आली. नीटनेटकी बाई, जाड भिंगांचा चष्मा, हातात पाण्याची बाटली आणि मुलीचा स्वेटर. दारातच मुलीच्या कपाळावरचे केस सारखे केले. आपल्याला आत बसता येणार नाही हे कळल्यावर काही बोलली नाही, दार ओढून घ्यायला लागली.

भिंगरीनं दारात पाय घातला.

तसाच ठेवला, बूट फटीत अडकवून. खडूबाईंनी तो पाय पाहिला. म्हणाल्या, दार उघडंच राहू दे, मला उकडतंय. तेव्हा मुलीनं पाय काढला. मग ती भिंतीकडेनं चालत माझ्या टेबलामागे आली, कारण दुसऱ्या बाजूला माझं फाइलींचं कपाट होतं. बावीस वर्षं ज्या कपाटात मी डबा ठेवते त्याच्याकडे ते पोर असं बघत होतं की मलाच त्याची भीती वाटायला लागली.

खडूबाई फरशीवर बसल्या. अर्धा तास नुसती चित्रं. मासा काढला, त्याला पाय काढले, मुलगी जवळ आली. मग त्यांनी तिला घरातली माणसं काढायला सांगितली. तिनं तीन काढली. एकाखाली लिहिलं 'बाबा'. त्याच्या शेजारच्या बाईला मोठा चष्मा काढला, तिच्यामागे एक उंच चौकोन, आणि खाली 'आई'. तिसरी बाई लांब कोपऱ्यात, तिच्या हातात सुई. तिच्याखाली तिनं बराच वेळ खडू टेकवून ठेवला आणि काहीच लिहिलं नाही.

मी मनात म्हटलं, चष्मेवाल्याची पोरगी, दिसेल त्याला चष्मा लावणार. वडिलांचं चष्म्यांचं दुकान आहे. ती कोपऱ्यातली आजी असावी, काहीतरी शिवत बसलेली. बाबाला मात्र चष्मा नव्हता, ते माझ्या लक्षात आलं आणि मी सोडून दिलं.

खडूबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "ते पत्र तू लिहिलंस?"

मुलीनं दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर आजी स्वेटरची घडी घालत होती. मुलगी इतक्या हळू बोलली की मी टायपिंग थांबवलं.

"मी त्याचं लिहिलं."

"कुणाचं गं?"

तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. ती मोजत होती.

४

'त्याचं' म्हणजे पुरुषाचं. मला तर पत्र वाचतानाच खटकलं होतं. मोजतो, रडलो. मुलगी असून 'मोजते' नाही, 'रडले' नाही. शाळेच्या वहीत 'मी जाते, मी खाते' असं सरळ लिहिणारी मुलगी. कुणीतरी पुरुषानं बाजूला बसून सांगितलं, सांगताना स्वतःचीच क्रियापदं तोंडून गेली आणि घाबरलेल्या पोरीनं ती जशीच्या तशी उतरवली. मी खडूबाईंना छातीठोकपणे सांगितलं, एक तर बाप, नाहीतर वकील.

वकीलसाहेब आले ते घड्याळ बघतच. मी त्यांना आवडत नाही आणि ते मला आवडत नाहीत, गेली दहा वर्षं आम्ही हे निभावतोय. पत्र कुठून आलं? म्हणाले, आजींनी आणून दिलं, मुलीच्या दप्तरात सापडलं म्हणून. माझ्या मुलाला दाखवू नका, त्याला सोसणार नाही, असंही आजी म्हणाल्या. मग अर्जावर वडिलांची सही कशी? सही आहे, म्हणाले, वाचून घ्यायचं की नाही तो पक्षकाराचा प्रश्न. मुलीला मी आयुष्यात एकदाच पाहिलंय, तेही आज, व्हरांड्यात. एवढं बोलून ते गेले. त्यांच्यावर संशय घ्यायची मला हौस होती, पण बोलणं खरं वाटलं.

मग वडील. साधा माणूस, नखांखाली काचेची पूड. बोलताना एका हातानं खुर्चीच्या दांड्यावर सारखी बोटं वाजवत होता. अर्ज वाचला होता का? नाही. सगळ्या गावाला अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून झटणारा माणूस, स्वतःचे कागद न वाचता सही करून मोकळा झाला होता. सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत तो दुकानात. बाहेरगावी कधी? वर्षानुवर्षं नाही, दुकान कुणावर टाकणार.

"मग मुलीकडे कोण बघतं?"

"आई बघते. सगळं आईच करते."

मी टाईप केलं, 'आई बघते', आणि हात थांबला. कुणाची आई ते लिहायला हवं होतं. जबाबांमध्ये हा शब्द मला नेहमी छळतो. विचारलं तर म्हणाला, माझी. मी कंसात 'अर्जदाराची आई' असं घातलं. मुलीबद्दल काही वेगळं जाणवलं का, असं खडूबाईंनी विचारल्यावर त्याची बोटं थांबली. मग म्हणाला, झोपेत आकडे म्हणते.

आजी शेवटी आली. मुलीचं खाणं, गृहपाठ, अंघोळ, सगळं तिनं नीट सांगितलं. सुनेबद्दल एक वाईट शब्द काढला नाही, फक्त उसासा सोडला. नात तुम्हाला काय म्हणते, या प्रश्नावर हसली.

"काय म्हणणार? आजी म्हणते."

ती गेल्यावर खडूबाईंनी पत्र आणि शाळेची वही शेजारी शेजारी ठेवली. मला म्हणाल्या, नीट बघ, अर्थ सोड, अक्षर बघ. मी बघितलं. वहीत प्रत्येक शब्दावर पट्टीनं ओढल्यासारखी शिरोरेषा होती. पत्रात एकाही शब्दावर शिरोरेषा नव्हती. अक्षरं उघडीबोडकी, गोलाई नसलेली, सगळ्यांना टोकं आलेली.

"ऐकून लिहिलं असतं तर तिनं सवयीनं रेघ ओढली असती," खडूबाई म्हणाल्या. "ही बघून उतरवते आहे. आणि जिच्यावरून उतरवलं, ती जागा कागद नाही."

त्यांनी पर्स उचलली आणि जजबाईंकडे घर बघायची परवानगी मागायला गेल्या.

५

दुपारी चारला आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये होतो. भिंगरी न्यायालयातच, खेळण्यांच्या खोलीत राहिली होती. जिन्यात खडूबाईंनी मला सांगितलं होतं, मी बापाशी बोलत बसेन, कपाट असेल तर तू आत जाऊन बघ. मी सांगितलं की मला लिफ्टमध्येही घाम फुटतो. त्या म्हणाल्या, म्हणूनच तू, तुला काय वाटतं ते खरं लिहिशील.

घर लखलखीत होतं. मागच्या खोलीत एक लाकडी कपाट होतं, छताला टेकेल एवढं उंच, नव्या फर्निचरमध्ये अगदी विजोड. आजीनं कौतुकानं सांगितलं, माझ्या सासूचं आहे, तीन घरं बदलली पण हे सोडलं नाही. वरच्या फळीवर गाद्या-उशा. खालचा भाग रिकामा. बाहेरून लोखंडी कडी.

आजीच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. कपाट तर सगळ्यांकडे असतं, म्हणाली. सुनेच्या खोलीतही आहे. मी खाली वाकून आत शिरले. गुडघे छातीशी घ्यावे लागले. माझा आवाज मला फार बारीक ऐकू आला.

"दार जरा लोटता का, आजी? आत किती अंधार होतो ते लिहायचं आहे."

तिनं दार लोटलं. फटीतून बोटभर उजेड येत होता. जुन्या कापसाचा वास होता. मला वाटलं, एवढंच तर आहे, आठ वर्षांची असते तरी निभलं असतं.

मग कडी पडली.

तो आवाज फार मोठा नसतो. पण आत बसलेल्याला तो पोटात ऐकू येतो. मी आजी, आजी म्हटलं, दारावर हात मारायला गेले, आणि हाताला लाकडावर ओरखडे लागले. डोळ्यांसमोर, बसलेल्या मुलाच्या उंचीवर. बोटभर उजेडात मी एकेक अक्षर वाचलं. कशाच्या तरी टोकानं कोरलेलं, शिरोरेषा नसलेलं.

आई मला कपाटात कोंडते.

बाहेर आजीची पावलं शांतपणे स्वयंपाकघराकडे निघून गेली.

६

मी मोजायला लागले. खरं सांगते, मला दुसरं काही सुचलंच नाही. सतराला पोचले होते, तेव्हा पुढच्या खोलीत खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि कुणीतरी धावत आलं. कडी निघाली, दार उघडलं. समोर वडील उभे होते.

"कडी वाजली," तो म्हणाला. "मला वाटलं, ती आत आहे."

खडूबाई त्याच्या मागून आल्या. आजीही आली, हात पुसत. माझ्याकडे बघून थोडी गोंधळली.

"अगंबाई, सवयीनं लागली कडी."

"कसली सवय, आजी?" खडूबाईंनी विचारलं.

खडूबाईंनी पर्समधून पत्राची प्रत काढून वडिलांच्या हातात दिली. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ते वाचलं, म्हणजे मला तसं वाटलं. पण शेवटची ओळ त्यानं कागदाकडे न बघता म्हटली. मग तो तिथेच फरशीवर बसला.

"हे माझं आहे," तो म्हणाला. "कंपासच्या टोकानं लिहिलं होतं. मी नऊ वर्षांचा होतो."

खडूबाईंनी पलंगाच्या कडेवर बसून सगळं उलगडून सांगितलं, आवाज न चढवता. हे पत्र खोटं नव्हतं, फक्त भिंगरीचं नव्हतं. खोटं पत्र सांगून लिहून घेणारा पुरुष सगळ्यात आधी क्रियापदं सांभाळतो, मुलीच्या तोंडी 'रडलो' येऊ देत नाही. म्हणजे ते कुणा मुलानं स्वतःबद्दल लिहिलं होतं. त्या मुलाचे बाबा फिरतीवर असत, भिंगरीचे बाबा तर दुकान सोडून हलत नाहीत. वडिलांनी मान हलवली. त्यांचे वडील औषधकंपनीसाठी गावोगाव फिरायचे, महिन्यातले वीस दिवस बाहेर. कोंडलेल्या मुलीला दारावर कुणाचे तरी शब्द सापडले. तिचे स्वतःचे शब्द बाहेर पडत नव्हते, तिनं ते घेतले.

"पण तिनं आई लिहिलंय," मी म्हटलं.

"चित्रात चष्मा कुणाला होता?" खडूबाई म्हणाल्या.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. सकाळची व्हरांड्यातली हाक आठवली. वहिनी. भिंगरी तिच्या आईला वहिनी का म्हणते, असं वडिलांना विचारलं तर त्यांना त्यात विशेष काहीच वाटलं नाही. माझा धाकटा भाऊ लग्नाआधी इथेच राहायचा, म्हणाले, तो माझ्या बायकोला वहिनी म्हणायचा आणि मी आईला आई. भिंगरी तेच ऐकून बोलायला शिकली. पहिल्यापासून तिची आजी ती 'आई', आणि जन्म देणारी ती 'वहिनी'. आम्ही हसायचो त्यावर.

आजीला ते पहिल्या ओळीलाच कळलं होतं. दारावरचं लिखाण तिनं कधी पाहिलंच नव्हतं, आत ती कशाला बसेल. पण दप्तरातलं पत्र वाचल्यावर 'आई' म्हणजे आपण, हे तिला उमगलं, आणि न्यायालयाला मात्र दुसरीच आई दिसेल हेही. म्हणून पत्र वकिलाकडे गेलं, मुलाला न दाखवता.

ती भिंतीला टेकून उभी होती. आवाजात पश्चात्ताप नव्हता, भीती मात्र होती, ती मी ओळखते.

"थोडा वेळ बसवायचे. शिस्त लागते. याला नाही लागली? कुणी मेलं का त्यानं? आणि पोर गेली तर या घरात माझं काय काम उरणार होतं?"

तिचा मुलगा फरशीवरून उठला नाही. तुम्हाला तिचे झोपेतले आकडे ऐकू यायचे ना, असं खडूबाईंनी त्याला विचारलं. तो म्हणाला, यायचे. म्हणूनच दुकान उशिरा बंद करायचो.

७

संध्याकाळी आई पुन्हा आमच्या खोलीत आली, या वेळी मदत कक्षातली तरुण वकीलबाई सोबत होती. तासाभरापूर्वीच तिनं त्या वकीलबाईला सगळं सांगितलं होतं. माझी मुलगी मला आई म्हणत नाही, हे इथे कळलं तर ती मला कोण देणार, अशी तिला भीती होती. तीन महिने शनिवार-रविवार ती मुलीला शिकवत होती, आता मला आई म्हण. पत्र वाचल्यावर तिला क्षणभर वाटलं की मुलीनं शेवटी तिला आई म्हटलं, ते असं. मग खरं लक्षात आलं, पण खरं सांगायचं तर मुलगी दुसरीला आई म्हणते हेच सांगावं लागणार होतं. जी गोष्ट तिला वाचवणार होती तीच तिनं दातांखाली धरून ठेवली होती. सकाळी हिनंच केलंय असं मी म्हटलं होतं, त्याची मला लाज वाटली आणि मी तसं तिला सांगितलं.

मंगळवारी अकरा वाजता वकीलबाईंनी पहिल्यांदा त्या 'मान्य'वर हरकत घेतली. न वाचता, चुकीचं सांगून लिहून घेतलेलं आहे, ग्राह्य धरू नये. जजबाईंनी वकीलसाहेबांच्या कारकुनाबद्दल दोन वाक्यं सुनावली, ती मी आनंदानं टाईप केली. मग वडील उभे राहिले. अर्ज मागे घेतो म्हणाले, आणि कपाटाबद्दल स्वतः सांगितलं, सगळ्यांसमोर, आधी मुलीचं आणि मग स्वतःचं. जजबाई मुलीशी आपल्या खोलीत एकटीशी बोलल्या, दार उघडं ठेवून. खटला संपेपर्यंत भिंगरीनं आईकडे राहावं असं ठरलं. वडिलांनी तिला आठवड्यातून दोनदा भेटावं. आजीनं तिच्याबरोबर एकटं राहायचं नाही. पुढे काय होईल ते पुढे ठरेल, अशा गोष्टी एका दिवसात संपत नाहीत.

निघण्याआधी वडिलांनी खेळण्यांच्या खोलीत पाच मिनिटं मागितली. मुलगी फरशीवर चित्र काढत होती. ते तिच्यासमोर मांडी घालून बसले. बराच वेळ बोटं वाजवत राहिले.

"कपाटात तुझ्याबरोबर एक मुलगा असायचा ना?" ते म्हणाले. "दारावर लिहिणारा."

तिनं चटकन वर पाहिलं. त्याच्याबद्दल तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तो मी आहे."

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, तो मुलगा तिथे सापडतोय का ते शोधल्यासारखी. मग तिनं विचारलं, "तू खरंच रडला नाहीस?"

"रडलो होतो," ते म्हणाले. "खूप रडलो होतो. ते खोटं लिहिलं मी."

दारात तिची आई उभी होती, बाहीला कालचेच निळे दोरे. भिंगरीनं खडू घेतला आणि फरशीवर सावकाश लिहिलं, 'मी पण रडले.' मग मागे सरून बघितलं आणि वर एक लांब, सरळ शिरोरेषा ओढली.